मुंबई ते न्यूयॉर्क: थेट जावं, आखातातून की युरोपातून? अंतर आणि वेळेचा खरा हिशेब

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जेएफके यांच्यातलं सरळ अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर. अंतर मोजून देणाऱ्या संकेतस्थळांवर हा आकडा मिळतो आणि त्याखाली ‘उड्डाणाचा वेळ सुमारे १४ तास’ असंही लिहिलेलं असतं. अंतराचा आकडा बरोबर आहे. वेळेचा आकडा मात्र मुंबईहून जाताना जवळजवळ कधीच खरा ठरत नाही. तिकीट काढताना या दोन्ही आकड्यांचा उपयोग थोडाच होतो, कारण कुठूनही गेलात तरी एकूण अंतरात चार-साडेचार टक्क्यांहून जास्त फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रवासाचे तुकडे कसे पडतात, थांबा कोणत्या वेळी येतो आणि त्या थांब्यावर तुमच्याकडून काय काय करून घेतलं जातं, यामुळे. तिकिटाचा निर्णय याच गोष्टींवर घ्यावा.

सरळ रेष नक्की जाते कुठून

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा रस्ता हा नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघतो: कच्छ, सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून हेलसिंकीकडे. पुढे आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातला लाब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. वाटेत हा मार्ग ६४ अंश उत्तरेच्याही वर जातो.

आता या दोऱ्यावरचे देश पुन्हा वाचा. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि त्या बंदीची मुदत वेळोवेळी वाढवली गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत अशीच बंदी होती. रशियाची हद्द २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद आहे. युनायटेड या अमेरिकी कंपनीचं नेवार्क (न्यूयॉर्कजवळचा दुसरा विमानतळ) ते मुंबई थेट विमान मार्च २०२२ मध्ये थांबलं ते याच कारणाने. म्हणजे कागदावरचा जवळचा रस्ता आहे, पण त्यावरून कोणाला किती जाता येईल हे राजकारण ठरवतं.

पाकिस्तानच्या बंदीचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त बसतो. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या भारतीय विमानाला आधी राजस्थान-गुजरातवरून खाली समुद्रापर्यंत यावं लागतं. मुंबई समुद्रावरच बसलेली असल्यामुळे विमान थेट अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने निघतं. मुंबईकराचं काही शे किलोमीटरवर भागतं, दिल्लीकराचा वळसा त्याहून बराच मोठा होतो. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरत होती.

सगळे मार्ग एका नजरेत

खालच्या तक्त्यातली अंतरं विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेतली, पूर्णांकात आणलेली आहेत. तास फक्त विमानातले आहेत, थांब्याचा वेळ त्यात धरलेला नाही. वेळापत्रक हंगामागणिक थोडं बदलतं, म्हणून आकडे अंदाजे समजा.

| मार्ग | टप्पे (किमी) | एकूण (किमी) | जाताना | येताना |
|---|---|---|---|---|
| थेट | १२,५४० | १२,५४० | साडेपंधरा ते साडेसोळा तास | चौदा ते पंधरा तास |
| लंडन | ७,२१० + ५,५४० | १२,७५० | पावणेअठरा तास | सोळा तास |
| फ्रँकफर्ट | ६,५७० + ६,१९० | १२,७६० | पावणेअठरा तास | पावणेसोळा तास |
| इस्तंबूल | ४,८४० + ८,०५० | १२,८९० | अठरा ते साडेअठरा तास | सोळा तास |
| दिल्ली | १,१४० + ११,७६० | १२,९०० | अठरा ते एकोणीस तास | सोळा ते साडेसतरा तास |
| दुबई | १,९३० + ११,०२० | १२,९५० | साडेसतरा तास | साडेपंधरा तास |
| अबू धाबी | १,९७० + ११,०३० | १३,००० | साडेसतरा ते अठरा तास | साडेपंधरा ते सोळा तास |
| दोहा | २,२९० + १०,७८० | १३,०७० | साडेसतरा ते अठरा तास | साडेपंधरा ते सोळा तास |

दुबईवरून जाणं म्हणजे फार लांबचा वळसा, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात थेट मार्गापेक्षा तो सव्वाचारशे किलोमीटरही जास्त नाही. विमानाच्या हिशेबात तो अर्ध्या तासाचा रस्ता. थांबा घेतल्यावर हवेतले तास दीड-दोनने वाढतात, ते बहुतांशी दुसऱ्यांदा उतरणं, चढणं, रनवेपर्यंत जाणं आणि वेग पकडणं यामुळे.

चौदा तासांचे सोळा कसे होतात

मोठं विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर जातं. १२,५४० ला ९०० ने भागलं की चौदा तास येतात. संकेतस्थळं एवढंच करून थांबतात. आता त्यात प्रत्यक्षातल्या गोष्टी घालू. बंद हद्दी टाळायला ५०० किलोमीटरचा वळसा धरा, अंतर १३,०४० झालं. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो. पूर्ण मार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटरचा विरोध धरला तर जमिनीच्या हिशेबात वेग ८४० राहतो. भागाकार साडेपंधरा तासांचा. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंत असते, म्हणून टॅक्सीइंगचा, म्हणजे गेट ते रनवे जमिनीवरून सरकण्याचा, आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. झाले सोळा तास.

परतताना तोच वारा पाठीशी येतो. वेग ९५० धरून तोच हिशेब केला तर सव्वाचौदा तास. तीस ते चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे जेट प्रवाह डिसेंबर ते फेब्रुवारीत सर्वांत जोरात असतात आणि उन्हाळ्यात मंदावतात. त्यामुळे एकच विमान जानेवारीत आणि जुलैमध्ये वेगवेगळा वेळ घेतं. पुढचं कनेक्शन धरायचं असेल तर जानेवारीतला जातानाचा वेळ हाच वाईटात वाईट समजून चाला.

तुमच्या विमानाचा खरा वेळ पाहायचा असेल तर तिकीट काढण्याआधी दहा मिनिटं द्या. बुकिंगच्या पानावरून फ्लाइट नंबर घ्या. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तो टाकून मागच्या आठ-दहा दिवसांचा इतिहास उघडा. तीन गोष्टी बघा: उड्डाण ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा झालं, हवेत किती वेळ गेला, आणि मध्येच एखाद्या अनपेक्षित विमानतळावर उतरलं का. दहापैकी चार दिवस तासाभराहून जास्त उशीर दिसत असेल आणि तुमचा पुढचा थांबा दीड तासाचा असेल, तर ते तिकीट घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

वाऱ्याचा आणखी एक परिणाम कमी बोलला जातो. बोइंग ७७७-३००ईआरचा पल्ला कंपनीच्या आकड्यात १३,६५० किलोमीटर आहे. तो स्थिर हवेतला. १३,००० किलोमीटरचा मार्ग सोळा तास समोरच्या वाऱ्यात कापायचा म्हणजे विमान हवेतून त्याहून बरंच जास्त अंतर कापतं आणि पल्ल्याची मर्यादा गाठायला लागतं. अशा दिवशी कंपनीला वजन कमी करावं लागतं: आधी माल, मग काही बॅगा, कधी काही सीट. तेवढ्यानेही न भागल्यास इंधनासाठी मध्ये उतरावं लागतं. थेट विमानाने गेलेल्या माणसाची बॅग दुसऱ्या दिवशी का येते, याचं एक कारण हे आहे. एका दिवसाचे कपडे आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, थेट विमान असलं तरी.

थेट विमान

मुंबईहून थेट सेवा एअर इंडियाची. तिचे दिवस आणि न्यूयॉर्क की नेवार्क हे बदलत आलेलं आहे, म्हणून प्रवासाच्या महिन्यातलं वेळापत्रक पाहूनच पुढे जा.

थेट विमानाचा मोठा फायदा दोन तास वाचण्यात नाही. मधला अनोळखी विमानतळ पूर्णपणे टळतो, हा खरा फायदा आहे. मुलाकडे पहिल्यांदाच निघालेले आई-वडील, इंग्रजीची सवय नाही, व्हीलचेअर लागते, रात्री दिसायला थोडा त्रास होतो; अशा प्रवाशाला पहाटे चार वाजता दुसऱ्या देशात गेट शोधायला लावू नये. मुंबईत सोडायला घरचं माणूस, न्यूयॉर्कला घ्यायला घरचं माणूस, मध्ये फक्त एक सीट. बॅग एकदा दिली की थेट तिकडच्या पट्ट्यावर. चुकण्यासारखं फारसं काही उरत नाही.

किंमत मोजावी लागते ती शरीराला. सोळा तास इकॉनॉमीत सलग बसणं साठीपुढच्या पायांना जड जातं. आइल सीट आधीच पैसे देऊन घ्या, दर दीड-दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत राहा. पायात गुठळी होण्याचा त्रास आधी झाला असेल किंवा नुकती शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तिकीट काढू नका. मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट: पश्चिमेला जाताना तुमचा दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो. इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा त्या हिशेबाने डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पासपोर्टसोबत ठेवा.

जेवण शाकाहारी हवं असेल तर ‘एव्हीएमएल’ आणि जैन असेल तर ‘व्हीजेएमएल’ हा कोड तिकिटावर चढलेला आहे का ते पाहा. निदान दोन दिवस आधी सांगा. व्हीलचेअरही निदान ४८ तास आधी नोंदवा, काउंटरवर मागून मिळते पण वाट पाहावी लागते.

आणि उशीर. थेट विमान रद्द झालं तर त्याच मार्गाचं दुसरं थेट विमान दुसऱ्या दिवशीच, किंवा त्याहूनही पुढे. मोठ्या ट्रान्झिट विमानतळावर न्यूयॉर्कची दिवसाला एकापेक्षा जास्त विमानं असतात, तिथे माणूस दहा-बारा तासांत मार्गी लागतो. लग्न, दीक्षांत समारंभ, कामावर रुजू होण्याची तारीख असं काही असेल तर थेट विमान असलं तरी दोन दिवस आधीचं घ्या.

आखातातून

मुंबईकरांचा सगळ्यांत वापरातला मार्ग हा, आणि त्याची कारणं सरळ आहेत. मुंबईहून दुबई, दोहा, अबू धाबीला दिवसभरात भरपूर विमानं, भाडं बहुधा थेट विमानापेक्षा कमी, विमानं चांगली, अमेरिकेसाठी साधारणपणे २३ किलोच्या दोन बॅगा, आणि थांब्यावर हिंदी समजणारं कोणीतरी भेटतंच.

तरी या मार्गाचा एक दोष तिकिटावर दिसत नाही. थांबा फार लवकर येतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालात, सव्वातीन तासांत दुबई. डोळा लागतो न लागतो तोच उतरायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, गेट शोधणं. शरीर अजून दमलेलं नाही म्हणून त्या थांब्याने विश्रांती मिळत नाही, फक्त झोप मोडते. आणि पुढे सव्वाचौदा तासांचा टप्पा जसाच्या तसा बाकी. गुडघे-पाठ सांभाळायला ‘एक थांबा घेऊ, बरं पडेल’ असं म्हणून लोक आखातातून जातात, पण सलग बसण्यात थेट विमानाच्या तुलनेत जेमतेम दोन तासांचा फरक पडतो. परतताना मात्र हा मार्ग खूपच बरा: साडेबारा तासांनी दुबईत पाय मोकळे होतात आणि शेवटी तीन तासांची छोटी उडी राहते.

थांबा किती असावा? बुकिंगची प्रणाली सव्वा तासाचंही कनेक्शन विकते. अमेरिकेच्या विमानासाठी ते कमी आहे. या विमानांच्या गेटवर कागदपत्रं पुन्हा पाहिली जातात, काही प्रवाशांची आणि हातातल्या बॅगांची वेगळी तपासणी होते, त्यामुळे गेटवर तासभर आधी पोचावं लागतं. दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये एका कॉनकोर्समधून (गेटांच्या विभागातून) दुसऱ्यात जायला ट्रेन किंवा बस घ्यावी लागू शकते. अडीच ते चार तास हा चांगला पट्टा. व्हीलचेअर असेल तर तीनच्या खाली जाऊ नका. व्हीलचेअरच्या प्रवाशांना विमान रिकामं झाल्यावर शेवटी उतरवतात आणि मदतनीस येईपर्यंत वेळ जातो.

अबू धाबीची गोष्ट जरा वेगळी. जानेवारी २०१४ पासून तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्याआधीच होतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. जेएफकेवर इमिग्रेशनच्या रांगेत सकाळी एक-दोन तास जाणं नवीन नाही, ती रांग इथे टळते. पण ती पूर्ण संपत नाही, फक्त अलीकडे सरकते, हे लक्षात ठेवून अबू धाबीत निदान तीन तास ठेवा. न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या शहराचं विमान धरायचं असेल तर या सोयीचा फायदा सर्वांत जास्त, कारण अमेरिकेतलं कनेक्शन इमिग्रेशनच्या लहरीवर राहत नाही.

सामानाबद्दल दोन इशारे. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीलीटरपेक्षा जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासली जाते आणि अडवलीही जाऊ शकते, आणि हा नियम शेवटच्या विमानतळावर लागतो. मुंबईत सुटलेलं मेतकूट, भाजणी, गोडा मसाला दुबईत अडू शकतो. सगळी पिठं आणि मसाले चेक-इन बॅगेत टाका. लोणचं, तूप, ओली चटणी हे द्रव पदार्थांत मोजतात, शंभर मिलीलीटरच्या वरचं हातात नको. दुसरा इशारा जास्त गंभीर: खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत येते आणि त्यासाठी लोकांना अटक झालेली आहे. अनारशासाठी पाव किलो खसखस नेण्याचा मोह या मार्गाने अजिबात करू नका. थेट जात असलात तरी अमेरिकेच्या कस्टम्सपुढे खाण्याचे पदार्थ जाहीर करा, ताजी फळं, बिया आणि मांस नेऊ नका. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

धोका कशाचा? हवाई हद्द अचानक बंद होण्याचा. २३ जून २०२५ ला कतारने आपली हद्द काही तास बंद केली, तेवढ्यात शेकडो विमानांचं वेळापत्रक विस्कटलं. १६ एप्रिल २०२४ च्या विक्रमी पावसाने दुबई विमानतळ पाण्यात गेला आणि गाडी रुळावर यायला अनेक दिवस लागले. असं घडल्यावर कामाला येते ती एकच गोष्ट: दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असणं. मग पुढचं विमान, जेवण आणि राहण्याची सोय पाहणं एअरलाइनचं काम. मुंबई–दुबई एका कंपनीचं स्वस्त तिकीट आणि दुबई–न्यूयॉर्क दुसऱ्याचं, असं जोडून काढलंत तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरं तिकीट बुडतं. वर बॅगा घ्यायला दुबईच्या इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना तिथे उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे, पण त्यातही तास-दीड तास जातो.

युरोपातून

लंडन किंवा फ्रँकफर्टचा थांबा जवळजवळ बरोबर मधोमध येतो. मुंबई–लंडन पावणेदहा तास, मग आठ तास. शरीराच्या दृष्टीने ही विभागणी सर्वांत चांगली: पहिल्या टप्प्यात रात्रीची झोप, दोन-तीन तास मोकळं चालणं, मग दिवसाचं विमान. पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे, पण फिरायला-वाचायला अडचण नाही, अशा माणसाने हा मार्ग आधी पाहावा. लहान मुलांनाही तो मानवतो; आठ तास मूल सांभाळता येतं, चौदाव्या तासाला आई-वडील दोघंही हातघाईवर येतात.

इथला अडथळा कागदपत्रांचा. जाताना बहुतेकांना तो जाणवत नाही, कारण अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीय प्रवाशाला लंडनला किंवा जर्मनीत विमानतळावर नुसता बदल करायला साधारणपणे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. अडचण येते ती परतताना, आणि तीही नोकरीवर असलेल्यांना. एच-१बीचा मुक्काम वाढवून मिळाला आहे, आय-७९७ हे त्याचं मंजुरीपत्र हातात आहे, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली आहे, आणि आता स्टँपिंगसाठीच, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायलाच, भारतात यायचं आहे. अमेरिकेत राहणं कायदेशीर असलं तरी युरोपातल्या ट्रान्झिटसाठी तो संपलेला व्हिसा पुरेल याची खात्री नसते, आणि चेक-इन काउंटरवरच थांबवलेले प्रवासी अनेक आहेत. अशा वेळी थेट किंवा आखातातून येणं सुरक्षित. युरोपातूनच यायचं असेल तर त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नियम वाचा आणि एअरलाइनकडून लेखी उत्तर घ्या.

दुसरी बाब बॅगांची. युरोपीय कंपन्यांची सर्वांत स्वस्त भाडी कित्येकदा एकाच बॅगेची, कधी बॅगेशिवायचीही असतात. शोधाच्या पानावर पाच हजार रुपये स्वस्त दिसणारं तिकीट दुसऱ्या बॅगेचे पैसे भरल्यावर महाग पडतं. ‘भाड्यात किती बॅगा’ ही ओळ वाचूनच तुलना करा.

लंडनला एका टर्मिनलवर उतरून दुसऱ्यावरून निघायचं असेल तर निदान अडीच तास ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत फ्रँकफर्टला बर्फ आणि पंखांवरचं बर्फ काढण्याचा वेळ धरून तेवढंच.

इस्तंबूल हा मधला पर्याय: सात तास, मग अकरा. आखातापेक्षा विभागणी बरी, युरोपाइतकी समान नाही. भाडं चांगलं मिळालं तर जरूर पाहा.

दिल्लीवरून जाण्याचा सल्ला मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला देणार नाही. आधी उत्तरेला सव्वादोन तास, डिसेंबर-जानेवारीत धुकं, वर हवाई हद्दीचा वळसा दिल्लीला जास्त. नागपूरकराला मात्र दिल्ली वाटेवरच पडते. मुंबईला येऊन पुन्हा निघण्यापेक्षा ते सोपं. धुक्याच्या दिवसांत तिकडचं सकाळचं विमान टाळून आदल्या संध्याकाळचं घ्यावं एवढंच.

घड्याळाचा गोंधळ

न्यूयॉर्क मुंबईच्या मागे साडेनऊ तास असतं, हे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. बाकीच्या काळात साडेदहा तास. रात्री दीड वाजता मुंबईहून निघालेलं सोळा तासांचं विमान मुंबईच्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाचला पोचतं. साडेनऊ वजा केले की न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी सकाळचे आठ, हिवाळ्यात सात. परतताना उलट: सकाळी अकराला निघालेलं चौदा तासांचं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला. शोधाच्या पानावर ‘+१’ दिसतो तो हाच दिवस. घ्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना हा एक आकडा सर्वांत जास्त चुकतो.

युरोपातून जाणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. युरोपची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि नोव्हेंबरच्या तोंडावरचा एक आठवडा लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. याच सुमाराला एअरलाइन वेळापत्रक बदलतात आणि अडीच तासांचा थांबा दीड तासावर येऊ शकतो. मार्च आणि ऑक्टोबरअखेरचं तिकीट महिनाभर आधी काढलं असेल तर दर आठवड्याला एकदा पीएनआर उघडून पाहा. थांबा आखडला तर एअरलाइनला फोन करून पुढचं विमान मागा. वेळ त्यांनी बदललेली असल्यामुळे बदल सहसा विनामूल्य होतो.

जेएफके की नेवार्क, सहार की उलवे

न्यूयॉर्कच्या दोन विमानतळांत मुंबईपासूनच्या अंतराचा फरक पंधराएक किलोमीटरांचा, म्हणजे शून्य. जमिनीवरचा फरक मात्र मोठा. एडिसन, आयसेलिन, जर्सी सिटी या भागात जायचं असेल तर नेवार्क घ्या. नेवार्क विमानतळाच्या स्टेशनवरून एनजे ट्रान्झिटची गाडी मेट्रोपार्क आणि एडिसनला जाते. जेएफकेवरून त्याच घरी जायला वाहतुकीनुसार एक ते दोन तास आणि टोलचे पूल. क्वीन्स, लाँग आयलंड किंवा कनेटिकटला जायचं असेल तर जेएफके बरं. तिथून एअरट्रेनने जमेका स्टेशन, पुढे लाँग आयलंडची रेल्वे. दोन तिकिटांत फरक थोडा असेल तर घराजवळचा विमानतळ निवडा, घ्यायला येणाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो.

इकडच्या बाजूलाही आता हाच प्रश्न आहे. उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. नाशिक, नागपूर, गोवा अशा ठिकाणाहून देशांतर्गत विमानाने येऊन मुंबईहून परदेशी जाणार असाल तर पहिलं विमान उलव्याला उतरतं का, ते तिकिटावर वाचा. तिथून सहारचं टर्मिनल २ सुमारे चाळीस किलोमीटर आहे, आणि संध्याकाळच्या वाहतुकीत ते किती वेळ घेईल हे कोणी सांगू शकत नाही. दोन विमानतळ असतील तर मध्ये निदान सहा तास ठेवा. पुण्याहून गाडीने येणाऱ्यांनी टर्मिनल २ साठी साडेतीन-चार तास धरावेत, पावसाळ्यात घाटामुळे तासभर जास्त. अमेरिकेच्या विमानासाठी उड्डाणाच्या चार तास आधी पोचायचं असल्यामुळे पुण्यातलं घर उड्डाणाच्या आठ तास आधी सोडावं लागतं. तिकिटावर सोळा तास लिहिलेला प्रवास, जेएफकेवरचं इमिग्रेशन आणि पुढचा रस्ता धरून, पुण्याच्या घरापासून एडिसनच्या घरापर्यंत सत्तावीस ते अठ्ठावीस तासांचा होतो.

भाड्याची तुलना करताना हाच पूर्ण आकडा धरा. थेट तिकिटासाठी किती रुपये जास्त, त्याला वाचलेल्या तासांनी भागा. निरोगी, एकट्या प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला तीन-चार तासांसाठी वीस हजार देणं परवडत नाही. त्याने आखातातून, अडीच तासांच्या थांब्याने, एकाच पीएनआरवर जावं. दोघं सत्तरीतले असतील आणि सोबत कोणी नसेल तर जाताना थेट आणि येताना आखातातून असंही तिकीट काढता येतं. ते वेगवेगळ्या एअरलाइनचं झालं तर जाण्याचं आणि येण्याचं बुकिंग स्वतंत्र होतं. एक रद्द झालं तर दुसऱ्यावर परिणाम होत नाही, पण इमिग्रेशनवर परतीचं तिकीट दाखवायला त्याची छापील प्रत हातातल्या बॅगेत हवी.